दुसऱ्या पंगतीची चौथी खुर्ची

ओबडाया पोथेकरीचा मुलगा रूबेन, रूबेनचा मुलगा लेनर्ड, आणि लेनर्डची एकुलती एक मुलगी लव्हिनिया. साउथहॅम्प्टनच्या गोदीलगतच्या एकाच गल्लीत हे घराणे वाढले आणि त्यातल्या तिन्ही पुरुषांनी जन्मभर एकच काम केले, ते म्हणजे जहाजावरच्या उतारूंना जेवू घालणे. ओबडाया भोजनगृहाच्या दाराशी उभा राही. घंटा झाली की दार बंद. मग बाहेर लॉर्ड ताटकळत असो की पाद्री. रूबेनने ती शिस्त चालवली, लेनर्डनेही. लव्हिनियाबाई जहाजावर नोकरीला गेल्या नाहीत. त्यांनी शाळा चालवली, नवरा चालवला, दोन मुले वाढवली. परंतु त्यांच्या घरी संध्याकाळचे जेवण सातला होई, म्हणजे सातलाच होई.

ओबडायाची एक हकीकत घरात सांगितली जाई. एके संध्याकाळी दुसऱ्या पंगतीचे दार लागल्यावर एक गृहस्थ धापा टाकत आले. ओबडायाने काचेआडून अदबीने सांगितले, "आजची पंगत भरली, साहेब. उद्या आपली खुर्ची राखून ठेवतो." दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ जहाजावर नव्हते. मधल्या काळात समुद्र फार खवळला होता. याहून अधिक कोणास काही कळले नाही. त्या माणसाचे एक जेवण आपल्या अंगावर राहिले, असे ओबडाया मरेपर्यंत म्हणे, आणि दर रविवारी टेबलाशी एक खुर्ची रिकामी मांडे. पुढे रूबेनने ती मांडली, लेनर्डने मांडली. लव्हिनियाबाईंच्या हाती घर आले तेव्हा त्यांनी ती खुर्ची माळ्यावर टाकली. जो कोणी येणार नाही त्याच्यासाठी काटे-चमचे पुसत बसण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नव्हता.

आता, ऐंशी उलटल्यावर, त्या पहिल्यांदाच उतारू म्हणून जहाजावर चढल्या होत्या, आणि चढल्या क्षणापासून वैतागल्या होत्या.

"आई, नीट ऐक," त्यांचा मुलगा गेरल्ड फोन पुढे धरून सांगत होता. "जेवणाची इथे मोकळी पद्धत आहे. भूक लागली की हे बटण दाबायचं. रांगेत नंबर लागतो. फोन थरथरला की जायचं."

"फोन थरथरला की?"

"हो."

"म्हणजे मी केव्हा जेवायचं ते फोन ठरवणार. आणि माझ्याशेजारी कोण बसणार, तेही फोनच ठरवणार का?"

"अगं, ज्याला जेव्हा सोयीचं असेल तेव्हा त्यानं—"

"सोय! तुझ्या वडिलांना पुरल्यापासून तुम्ही दोघं सोयच बघताय."

गेरल्डने फोन खिशात घातला. बोलणे खरे होते. वडिलांच्या, डेस्मंडच्या, शेवटच्या आजारात त्याच्या बहिणीला, हेस्टरला, ते घरी हवे होते; गेरल्डने त्यांना शुश्रूषागृहात ठेवले, आणि तिथे एका दुपारी, कोणीही जवळ नसताना, ते गेले. त्यानंतर बहीणभाऊ एका टेबलाशी बसले नव्हते. नाताळात हेस्टर आदल्या दिवशी येऊन जाई, गेरल्ड दुसऱ्या दिवशी. दोघेही आईशी अतिशय चांगले वागत, आणि लव्हिनियाबाईंना त्या चांगुलपणाचा वीट आला होता. नॉर्वेच्या खाड्या पाहण्याची त्यांना काडीचीही हौस नव्हती. मात्र जहाजावरून कोणी उठून घरी जाऊ शकत नाही. दोन्ही मुले एका टेबलाशी, सूपापासून चीजपर्यंत, एक संपूर्ण जेवण जेवलेली त्यांना पाहायची होती. पुढच्या वर्षावर भरवसा ठेवावा असे त्यांचे वय राहिले नव्हते.

आणि गेरल्डने मोकळी पद्धत निवडली होती. हेस्टर साडेसहाला जेवली असती, तो नऊला.

लव्हिनियाबाई काठी टेकत भोजनगृहाच्या खिडकीशी गेल्या. तिथल्या मुलीने हसून सांगितले, की आजकाल ठरलेली वेळ फारसे कोणी मागत नाही, तरी दुसऱ्या पंगतीत, साडेआठला, चार खुर्च्यांचे एक टेबल आहे. परंतु ते दाराला लागून आहे आणि तिथे वारा लागतो.

"वाऱ्यानं मी मरत नाही," बाई म्हणाल्या. "चौघांची नावं लिही."

चौघे म्हणजे त्या, गेरल्ड, हेस्टर, आणि गेरल्डची बायको प्रू.

*

पहिल्या संध्याकाळी प्रूला बोट लागली. ती खोलीत पांढरी पडून राहिली. हेस्टरने निरोप पाठवला, की ती वरच्या मजल्यावर उभ्याउभ्याच काहीतरी खाईल. टेबलाशी आई आणि मुलगा दोघेच बसले. वाढणारा ॲग्नेलो नावाचा गोव्याचा उमदा माणूस होता. त्याने दोन्ही रिकाम्या जागा पाहिल्या आणि प्रूच्या खुर्चीला हात घातला.

"असू दे ती," बाई म्हणाल्या. "दात पडल्यासारखं दिसतं टेबल."

ॲग्नेलोने मान तुकवून खुर्ची पूर्ववत लावली, काटे-चमचे सरळ केले. घंटा झाली. दार लागता लागता एक गृहस्थ आत आले, चालण्यात घाई, किंचित धाप लागलेली. त्यांनी टेबलाकडे पाहिले आणि प्रूच्या खुर्चीवर बसले.

"वेळेत आलो ना?" त्यांनी विचारले.

"अगदी वेळेत," लव्हिनियाबाई म्हणाल्या. त्यांना बरे वाटले. या जहाजावर वेळेची चाड असलेला एक तरी माणूस होता. अंगात काळा कोट, कॉलर ताठ, नखे स्वच्छ. एकट्या प्रवाशाला व्यवस्थापकाने रिकाम्या जागी बसवले असणार, हे उघड होते. गेरल्डने उठून हात मिळवला, हवामानाविषयी दोन वाक्ये बोलला. नाव कोणी विचारले नाही. नाव माणसाने आपणहून सांगायचे असते. आणि पहिल्या संध्याकाळी राहिलेली ओळख नंतर विचारणे म्हणजे कालपासून आपले लक्षच नव्हते अशी कबुली देणे. त्यापेक्षा एखादा इंग्रज खाडीत उडी घेईल.

गृहस्थांनी फक्त ब्रेड खाल्ला. फार हळू, चारही बाजूंना लोणी लावून. सूप आले तेव्हा क्षमा मागून उठले.

लव्हिनियाबाईंच्या बशीत ब्रेड नव्हता. ॲग्नेलो द्यायला विसरला होता.

दुसऱ्या संध्याकाळी हेस्टर आली.

ती येईल अशी बाईंना आशा नव्हती. ती तरातरा चालत आली, भावाकडे न पाहता बसली, आईच्या नाकावरून घसरलेला चष्मा लहानपणापासूनच्या सवयीने कानामागे नीट बसवला, आणि मग समोरच्या गृहस्थांकडे रोखून पाहत राहिली. त्यांनी तिलाही विचारले, "वेळेत आलो ना?" आणि ब्रेडनंतर सूपही घेतले. हेस्टर गेरल्डशी बोलली नाही, परंतु मीठ मागताना 'जरा मीठ' असे हवेत म्हणाली, आणि गेरल्डने ते दिले. लव्हिनियाबाईंनी ते मीठ एका हातातून दुसऱ्या हातात जाताना पाहिले आणि त्यांना आपल्यापुढे सूप आलेच नाही हे बऱ्याच वेळाने ध्यानात आले.

"ॲग्नेलो!" त्यांनी चमचा टेबलावर आपटला.

ॲग्नेलोने वळून गृहस्थांकडे पाहिले. "आणखी काही हवं, साहेब?"

*

नॉर्वेतल्या बर्गन बंदराला जहाज लागले तेव्हा पाऊस बारीक भुरभुरत होता. मासळीबाजारात आई आणि मुलगी एकाच छत्रीत चालल्या होत्या.

"आई, एक विचारू? रागावू नकोस."

"अशी सुरुवात केलीस की मी आधीच रागावते."

"तुझी त्यांची ओळख कधीपासून आहे?"

"कोणाची?"

"आई, मी काय कुक्कुलं बाळ आहे का? टेबलावरच्या त्या गृहस्थांची. पहिल्या दिवशी काचेतून पाहिलं मी. त्यांच्याशी बोलताना तुझा चेहरा कसा खुलला होता! बाबांना जाऊन दोन वर्षं झाली नाहीत अजून."

लव्हिनियाबाई भर बाजारात थांबल्या. मागून येणारा माणूस त्यांच्यावर आदळला. "अगं मूर्ख मुली—"

"माझं ऐकून घे. वाईट नाहीत ते, मान्य आहे. पण तुला एकटीला त्यांच्यासोबत मी बसू देणार नाही. रोज येणार मी जेवायला. तिथं गेरल्ड बसलेला असला तरी येणार."

बाईंच्या ओठांवर आलेले वाक्य तिथेच राहिले.

"ये हो," त्या म्हणाल्या. "येच तू. लक्ष ठेव माझ्यावर."

दुपारी डेकवर चहा घेताना गेरल्ड आपणहून बोलला. "हेस्टरला अखेर कोणीतरी सापडलं म्हणायचं. वयानं जरा जास्त आहे, पण माणूस घरंदाज वाटतो. मी काही बोललो नाही तिला. त्याच्यासमोर तमाशा नको, म्हणून रोज येऊन बसतो झालं. तिच्या खुर्चीशेजारी पहिल्याच दिवशी येऊन बसला बिचारा, आणि ही बया वरती सँडविच खात होती!"

"तुला कोण म्हणालं तो हेस्टरचा म्हणून?"

"मग कोणाचा? तुझा?" गेरल्ड हसला. कितीतरी महिन्यांनी हसला. बाईंनी कपातल्या चहाकडे पाहिले आणि दुसऱ्यांदा गप्प बसल्या.

त्या संध्याकाळी त्या घंटेच्या आधीच भोजनगृहात गेल्या.

"ॲग्नेलो, माझ्या टेबलावर बसतात ते गृहस्थ कोण?"

ॲग्नेलो गोंधळला. "आपलेच पाहुणे ना, बाईसाहेब? पहिल्या दिवशी आपणच म्हणालात, खुर्ची असू दे."

"म्हणजे तुमच्या व्यवस्थापकानं नाही बसवलं त्यांना?"

"आपलं टेबल कुटुंबाचं आहे. तिथं परक्या माणसाला आम्ही कसं बसवू?"

लव्हिनियाबाई खुर्चीवर बसल्या. दाराकडून वारा येत होता. खिडक्या मात्र सगळ्या बंद होत्या. सत्य सांगणे सोपे होते. दोन वाक्ये, आणि तो माणूस कोणाचाच नाही हे मुलांना कळले असते. मग हेस्टर वरच्या मजल्यावर, गेरल्ड नऊच्या रांगेत. तीच ती सोय. माणूस कोणाचा का असेना, त्याच्या लाजेने दोन हट्टी मुले एका टेबलाशी बसत होती. तीन संध्याकाळी बाकी होत्या. तीन संध्याकाळी तोंड मिटून बसणे आपल्याला जमेल, असा त्यांनी निर्णय घेतला, आणि या वयात आपल्याला असले निर्णय घ्यावे लागतात याचा त्यांना पुन्हा संताप आला.

घंटा झाली. "वेळेत आलो ना?"

त्या दिवशी गृहस्थांनी मासाही खाल्ला. लव्हिनियाबाईंना मासा मिळाला नाही. ब्रेड नाही, सूप नाही. खोलीत जाऊन त्यांनी पर्समधली बिस्किटे खाल्ली आणि कंपनीला लिहावयाच्या तक्रारीची पहिली तीन वाक्ये मनात तयार केली. ती वाक्ये अतिशय सुरेख होती.

*

पुढल्या संध्याकाळी पुदिन्याच्या सॉससोबत मेंढीचे मांस होते.

"मला वाढलेलं नाही," बाई मोठ्याने म्हणाल्या.

"छानच झालंय आज," गेरल्ड मान न वळवता म्हणाला.

"गेरल्ड! मी म्हणते आहे, माझी बशी रिकामी आहे."

"हेस्टर, सॉस दे ना," गेरल्ड म्हणाला. हेस्टरने दिला. त्याचे नाव घेऊन दिला. "घे, गेरल्ड."

बाईंचा राग जिथल्या तिथे विरला. त्यांनी रिकाम्या बशीवर हात ठेवला.

गृहस्थ मांसाचा लहानसा तुकडा कापत होते. मान वर न करता त्यांनी विचारले, "तुमच्या वडिलांना जेवायला काय आवडायचं?"

मग हेस्टर म्हणाली, "जळका टोस्ट. मुद्दाम जाळून घ्यायचे."

"आणि वर मार्मलेडचा थर," गेरल्ड म्हणाला. "तिथं, त्या शुश्रूषागृहात, टोस्ट पांढराच द्यायचे. मी रोज सकाळी जाऊन तो जाळून द्यायचो. स्वयंपाकघरातून मला दोनदा हाकलून दिलं."

हेस्टरने काटा खाली ठेवला. "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं कधी?"

दोघे बोलू लागले. लव्हिनियाबाईंना ते ऐकायचे होते, शब्द न् शब्द ऐकायचा होता. परंतु वारा कानाशी घोंगावत होता आणि आवाज काचेपलीकडून आल्यासारखे येत होते. त्या गृहस्थांकडे झुकल्या. नाव विचारणे आता शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी आडून विचारले.

"आपण कुठे चढलात?"

"साउथहॅम्प्टनला. आपल्यासारखाच."

"एकटेच?"

"हो. पहिल्याच संध्याकाळी मला उशीर झाला. फार नाही, थोडासा. दार लागलं होतं." त्यांनी ओठ टिपले. "दाराशी जे उभे होते, ते मात्र फार अदबीनं बोलले. त्यांचा मला कधीच राग आला नाही."

"पहिल्या संध्याकाळी तर आपण वेळेत होता," लव्हिनियाबाई म्हणाल्या.

गृहस्थांनी त्यांच्याकडे सौजन्याने पाहिले. शाळेत उत्तर चुकलेल्या मुलीकडे बाई स्वतः तसेच पाहत असत.

*

शेवटच्या संध्याकाळी समुद्र शांत होता. प्रू उठली, आंघोळ करून निळा पोशाख घालून आली. "आई, चार दिवस बिस्किटांवर काढलेत मी. आज मला पुडिंगसकट सगळं हवंय."

लव्हिनियाबाई आपल्या जागी बसून, चष्मा लावून, भोजनपत्रिका वाचत होत्या. हेस्टर आली. गेरल्डने तिच्यासाठी खुर्ची ओढली. बाईंनी ते पाहिले, आणि त्यांना चष्मा काढून डोळे टिपावे लागले.

घंटेच्या जरासे आधी गृहस्थ आले.

प्रू तिच्या खुर्चीवर होती. चार खुर्च्या, चारही भरलेल्या. गृहस्थ हात जुळवून उभे राहिले.

गेरल्डने हेस्टरकडे पाहिले. हेस्टरने आईकडे पाहिले. प्रूने हसून सगळ्यांकडेच पाहिले; तिला वाटले, आपण झोपलो होतो तेव्हा यांची ओळख झाली असेल. हेस्टर उठू लागली. "मी जाते वर, मला तशी भूक—"

"खाली बस!" लव्हिनियाबाई म्हणाल्या. "कोणी कुठे जाणार नाही." आणि त्या स्वतः उठल्या. "आपण बसा, साहेब. मी खुर्ची सांगून येते."

"आपली फार कृपा," गृहस्थ म्हणाले. "वेळेत आलो ना?"

ॲग्नेलो दाराबाहेर फलक सरळ करत होता. बाई दोन पावले बाहेर गेल्या. "ॲग्नेलो, एक खुर्ची."

घंटा झाली. ॲग्नेलो आत गेला आणि दार लागले.

त्यांनी दाराच्या काचेवर काठी वाजवली.

काच थोडी सरली. ॲग्नेलो अदबीने उभा होता. अनोळखी उतारूला दाखवायचा चेहरा त्याने धारण केला होता.

बाईंना धाप लागली होती. दोन पावलांत इतकी का लागावी, त्यांना कळले नाही. "मी वेळेत आले ना?" त्या म्हणाल्या, आणि आपण हे का म्हणालो हेही त्यांना कळले नाही.

"आजची पंगत भरली, बाईसाहेब. उद्या आपली खुर्ची राखून ठेवतो."

"अरे, उद्या सकाळी जहाज गोदीला लागतंय! उद्या कसली पंगत?"

ॲग्नेलो हसला, मान तुकवली, आणि काच लागली.

आत सूप वाढले जात होते. गेरल्ड दाराकडे तोंड करून बसला होता. त्याची नजर वर आली आणि आईवर पडली. बाईंनी काठी उंचावली. गेरल्डच्या चेहऱ्यावर हळहळ उमटली, उशीर झालेल्या कोणा परक्या म्हातारीविषयी सभ्य माणसाला वाटते तेवढी. मग, तिला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून, त्याने नजर दुसरीकडे वळवली.

मासा आला. मांस आले. गेरल्ड काहीतरी सांगत होता आणि हेस्टर हसता हसता त्याच्या दंडावर चापट मारत होती. डेस्मंड गेल्यापासून असे हसणे त्या घरात झाले नव्हते. लव्हिनियाबाईंना हवे होते ते सगळे काचेपलीकडे होते, जसेच्या तसे.

त्यांचा चष्मा टेबलावर राहिला होता. पुडिंगच्या वेळी गृहस्थांनी तो उचलला, लावला आणि भोजनपत्रिका वाचली. चष्मा त्यांच्या नाकावरून जरा घसरला. हेस्टरने बोलता बोलता हात पुढे केला आणि तो त्यांच्या कानामागे नीट बसवला.

चीजचा शेवटचा तुकडा गृहस्थांनी सावकाश खाल्ला. रुमालाची घडी घातली. मग दाराकडे पाहून, पावती द्यावी तशी, मान लववली.

ओबडायाच्या अंगावरचे जेवण फिटले होते. सूपापासून चीजपर्यंत, बाकी काही राहिले नव्हते.